अंबुजाक्कांची आयरिश दशमी

गेल्या आठवड्यात भार्गवीचा आयर्लंडहून फोन आला. तिच्या आजीचं, अंबुजाक्कांचं वर्षश्राद्ध जवळ आलं आहे आणि त्या दिवशी तिला अज्जीची दशमी करायची आहे.

"सुलभा मावशी, तुझ्याकडे सगळं मोजून ठेवलेलं असेल ना? पीठ किती, ताक किती, सोडा किती. मला अगदी तशीच हवी. अज्जी खायची तशी."

मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि मग माझ्या लक्षात आलं की मी कशाला हो म्हटलं आहे. ज्या पदार्थाला आम्ही सगळे अज्जीची दशमी म्हणायचो तो होता आयरिश सोडा ब्रेड. तो भार्गवीनेच तिकडून येऊन अक्कांना शिकवला होता. आता आयर्लंडमध्ये बसून ती त्याची कृती तंजावूरहून मागत होती. माझ्याकडे फाइल आहे, हेही खरं. मी आहारतज्ज्ञ आहे, आणि हातात घेतलेल्या प्रत्येक गोष्टीची फाइल करते. त्या फाइलीत या ब्रेडच्या पोषणमूल्यांचे बरेच तक्ते आहेत आणि त्यातले कुठलेही दोन एकमेकांशी जुळत नाहीत.

माझं माहेर सोलापूरचं. नवऱ्याच्या नोकरीसाठी तंजावूरला आले आणि इथलीच झाले. आमच्या समोरच्या घरात अक्का राहायच्या. इथल्या जुन्या मराठी घरांपैकी त्यांचं एक. आयुष्यभर मराठी बोलल्या, पण देवनागरी वाचता येत नसे. मराठी लिहायचीच वेळ आली तर तमिळ अक्षरांत लिहायच्या. त्यांच्या मराठीची चाल तमिळ, आणि शब्द मात्र असे की आमच्या सोलापूरला ते पणजीबरोबर गेले. "तुज काय हवें?" असं त्या विचारायच्या तेव्हा पहिली काही वर्षं मला कीर्तनाला बसल्यासारखं वाटायचं.

नोकरी त्यांची पापनाशमला, सरकारी कचेरीत. रोज सकाळी गाडीने जायचं, संध्याकाळी गाडीने यायचं. एका हातात पिशवी, पिशवीत पाण्याचा चंबू आणि फडक्यात बांधलेली दशमी. दशमी म्हणजे पाण्याऐवजी दुधात भिजवलेल्या कणकेची. पाण्यात शिजवलेलं अन्न घराबाहेर नेलं की त्यांना चालत नसे. दशमीत पाण्याचा थेंब नसल्यामुळे ती प्रवासात चाले. अख्ख्या नोकरीत अक्कांनी बाहेरचा घास खाल्ला नाही, बाहेरचं पाणी प्यायलं नाही, ही गोष्ट त्या स्वतः सांगायच्या आणि गल्लीही सांगायची.

त्यांच्याशी बोलणं सोपं नव्हतं. प्रश्नाला त्या प्रश्नानेच उत्तर द्यायच्या. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायच्या, म्हणजे वेळ आपल्यालाच दिसावी, दुसऱ्याला फुकट दिसू नये. बोलणं संपवायचं असलं की "सरी" म्हणायच्या. तमिळमध्ये सरी म्हणजे ठीक, बरं. मी बरीच वर्षं त्याचा अर्थ 'कबूल' असा घेत आले. त्यांच्या तोंडी त्याचा अर्थ 'तू बोललीस, मी ऐकलें' एवढाच होता, त्यापुढे काही नाही.

मागल्या अंगणात पाय घसरून अक्कांचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा त्या पंच्याहत्तरीच्या पुढे होत्या. ऑपरेशन नीट झालं, पण हॉस्पिटलमध्ये त्या काहीच खाईनात. कॅन्टीनच्या इडलीकडे त्यांनी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. केळी आणि घरून नेलेलं दूध, बस्स. भार्गवी रजा काढून धावत आली. तिची आई, म्हणजे अक्कांची मुलगी, भार्गवी लहान असतानाच गेली होती. तिला वाढवलं ते अक्कांनीच. भार्गवीने घरी तव्यावर दशमी करून पाहिली. ती इतकी कडक झाली की पिशवीत वाजायची. मग तिने मुकाट्याने एक छोटा इलेक्ट्रिक ओव्हन विकत आणला आणि तिला येत होतं ते केलं. गव्हाचं पीठ, ताक, खायचा सोडा. यीस्ट नाही, अंडं नाही. गोल गोळा, वर सुरीने फुलीसारखी आडवी-उभी खोल चीर. तो ब्रेड घेऊन ती हॉस्पिटलमध्ये आली तेव्हा मी तिथेच होते.

"हें काय?" अक्का म्हणाल्या.

"ब्रेड. तिकडे घरोघरी करतात, अज्जी."

"पाणी किती घातलेंस?"

"पाणी नाही. ताकच, तेही बिनपाण्याचं."

"थेंबभरही नाही?"

"नाही गं."

अक्कांनी तो हातात घेऊन उलटा केला, बुडाला टिचकी मारली. "मग ही दशमीच की. लठ्ठ दशमी." आणि खाल्ला. नुसता खाल्ला नाही, आणखी मागितला. भार्गवी बाहेर जाऊन रडून आली.

घरी आल्यावर वाटलं होतं की आता भात सुरू होईल. पण भुकेचं काहीतरी बिनसलं होतं. भाताचे दोन घास झाले की "पोटांत धोंडा बसला" म्हणायच्या. चाले ती लठ्ठ दशमीच. भार्गवीने तो ब्रेड त्यांना करायला शिकवला आणि परत जायच्या आदल्या दिवशी सांगितलं की तिला बाळ होणार आहे, कार्तिक उलटल्यावर.

"मी येतें," अक्का म्हणाल्या. कोणी बोलावलं नव्हतं अजून.

"अज्जी, तुझी तब्येत..."

"बाळंतपणाला आई लागते. तुझी आई नाही. मग कोण यायचें?"

हाडाच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. वजन फार उतरलं आहे, रक्तातलं प्रथिन कमी आहे, रक्तदाब वर आहे. कार्तिकापर्यंत हे सुधारलं तर विमानप्रवासाचा दाखला देईन, नाहीतर नाही. अक्का "सरी" म्हणाल्या. मी म्हणाले, "हे माझ्याकडे द्या." मला खरोखरच वाटलं होतं की हे सोपं काम आहे. एकच पदार्थ खाणारी पेशंट, त्या पदार्थात तीनच जिन्नस. पोषणमूल्य काढायचं, कमी काय ते बघायचं, ते भरायचं.

मी वजनकाटा घेऊन गेले. अक्का खुर्चीवर बसून पीठ घेत होत्या.

"पीठ किती घेता, अक्का?"

"आळाक."

आळाक म्हणजे तांदूळ मोजायचं पितळी माप. मी ते भरून वजन केलं, लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी गेले तर त्याच आळाकावर पिठाची शीग होती.

"काल सपाट होतं."

"काल कोणी यायचें नव्हतें."

"आज कोण येणार आहे?"

"मज काय ठाऊक? कोणी आलें तर?"

ब्रेडवरच्या त्या फुलीचं त्यांनी स्वतःचं शास्त्र केलं होतं. तिकडचे लोक आतपर्यंत भाजावं म्हणून ती चीर देतात. अक्कांचं म्हणणं, चार भाग स्पष्ट सांगितलेलेच आहेत: एक गाईला, एक आल्यागेल्याला, दोन आपल्याला. आल्यागेल्यात बहुतेक मीच असायची. म्हणजे जिचं वजन वाढायला हवं तिच्या वाट्याचा पाव भाग माझ्या पोटात, आणि तो नाही म्हटलं तर त्या स्वतःचा भागही बाजूला ठेवायच्या. माझा पहिला तक्ता तिथेच निकालात निघाला.

दुसरा सोड्यावरून गेला. रक्तदाबासाठी डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं होतं. अक्कांनी ब्रेडमधलं मीठ पूर्ण बंद केलं आणि ते मला फार अभिमानाने सांगितलं. मग मी पाहिलं की मीठ गेल्यामुळे चव लागेना म्हणून त्यांनी सोडा वाढवला होता.

"अक्का, सोड्यातही तेच असतं जे मिठात असतं. सोडियम. चमचाभर सोड्यात हजार मिलिग्रॅमच्या वर."

"सोडा खारट लागतो?"

"नाही, पण..."

"खारट लागत नाही तें मीठ कसें?"

"ताकाशी मिळून त्याचा फेस होतो ना, तो फेस म्हणजे वायू. तो उडून जातो. सोडियम मागे राहतं."

त्या विचारात पडल्या. मला वाटलं, पटलं. "म्हणजे," त्या म्हणाल्या, "जें चांगलें तें उडून जातें आणि डॉक्टर नको म्हणतो तें राहतें? असा जिन्नस तुम्ही लोक विकता कशाला?" मी सोडा विकत नाही हे सांगण्यात काही अर्थ नव्हता. एक सपाट छोटा चमचा त्यांच्या डब्यात घालून ठेवला आणि सांगितलं, याच्यावर नाही. "सरी," त्या म्हणाल्या. मी रोज डब्यात डोकावून बघत राहिले.

आता राहिलं प्रथिन. गव्हाच्या पिठात ते असतं, ताकात थोडं असतं, पण खुब्याचं हाड जुळून अंगावर मांस चढायला ते पुरत नाही. मी ठरवलं, ताकातलं अर्धं काढून तिथे चक्का घालायचा. घट्ट चक्का बांधून घेऊन गेले.

"हा महिना दह्याचा," अक्का म्हणाल्या.

"छान. मग घाला."

"दही सोडायचा महिना आहे गे."

चातुर्मास सुरू झाला होता. अक्कांच्या घरात चातुर्मास म्हणजे महिन्यावार व्रतं: पहिल्यात भाज्या नाहीत, दुसऱ्यात दही नाही, तिसऱ्यात दूध नाही, चौथ्यात डाळी नाहीत. माझ्या माहेरी एकादशीला साबुदाण्याची खिचडी करायची, उपवासाची माझी माहिती तेवढीच.

"पण ताक तर चालतं तुम्हाला. ताक म्हणजे घुसळलेलं दहीच ना?"

"मग घुसळलें कशाला? दही राहू नये म्हणूनच ना?"

मी चक्का घरी आणला, त्याचं श्रीखंड केलं. तो महिना असाच गेला. मग मी दुसरा उपाय काढला, दुधाची पावडर. प्रथिन भरपूर, पिठात मिसळली की दिसणारही नाही. ती घेऊन गेले तो दुधाचा महिना लागला होता. "ही पावडर आहे, अक्का, दूध नाही." "पावडर कशाची?" मी तोच डबा परत आणला. मग म्हटलं, दुधाचा नादच नको. फुटाण्याच्या डाळीचं पीठ दळून आणलं, चांगलं भाजून, सुवासिक. समोरचं फाटक उघडलं आणि अक्का माझ्या हातातल्या पुडीकडे बघून हसायला लागल्या.

"काल एकादशी झाली. डाळींचा महिना लागला."

मी पायरीवर बसलेच. दाखल्याला महिना उरला होता. तीन वेळा मी नेमकी तीच गोष्ट घेऊन गेले होते जी त्या महिन्यात चालत नव्हती, आणि हे ठरवूनसुद्धा जमलं नसतं.

"तुम्ही आधी का सांगितलं नाही?"

"दरवर्षी हेंच असतें. तूं कधी विचारलेंस? तुझ्या कागदावर सोमवार, मंगळवार. मज वाराशी काय करायचें?"

त्या रागावल्या नव्हत्या. काठी जमिनीवर टेकून त्या निराळ्याच आवाजात म्हणाल्या, "सुलभा, मज जाऊं देतील ना गे?"

इतक्या महिन्यांत हे त्यांनी एकदाच विचारलं. मी घरी गेले, वारांचे सगळे तक्ते बाजूला केले आणि महिन्यांचा एक केला. तो देवनागरीत लिहिला, मग आठवलं, मग नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाकडून तमिळमध्ये उतरवून घेतला. डाळींचा महिना म्हणजे दह्याचं व्रत सुटलं होतं, दुधाचंही सुटलं होतं. चक्का आणि पावडर दोन्ही पिठात गेली. ब्रेड जरा चिकट झाला, पण अक्कांनी तक्रार केली नाही. मी माझा पाव भाग दारातच गाईला घालायला लागले, म्हणजे गाईचा भाग अक्कांना उरे.

गल्लीत तोवर सगळ्यांना कळलं होतं. कोपऱ्यावरच्या निवृत्त मास्तरांनी एकदा टोमणा मारला, "काय अक्का, हॉटेलाचं पाणी चालत नाही आणि समुद्र ओलांडायला निघालात? शास्त्रात ते बसतं?"

"विमान समुद्राला शिवतें काय?" अक्का म्हणाल्या, आणि काठीने त्यांचं फाटक वाजवून पुढे गेल्या.

तपासणीच्या दिवशी मीच त्यांना घेऊन गेले. वजन वाढलं होतं, आणि चांगलं वाढलं होतं. रक्तातलं प्रथिन काठावर होतं. रक्तदाब बरा. डॉक्टर तमिळमध्ये विचारत होते आणि मी मध्ये बसून अधिकच गोंधळत होते.

"काय खाता, अम्मा?"

"दशमी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आयरिश सोडा ब्रेड, डॉक्टर."

"तंजावूरला?"

"हो."

"एका तुकड्यात प्रथिन किती?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. मी फाइल उघडली. कुठला तक्ता वाचायचा? शीग असलेल्या दिवसाचा की सपाट दिवसाचा? पण त्याहून मोठी अडचण वेगळीच होती. आदल्या रात्री मी सगळी बेरीज केली होती. अक्का रोज जे खात होत्या त्यात एवढं वजन वाढायला नको होतं. उष्मांक कमी पडत होते, थोडे नव्हे, चांगलेच. मी दोनदा, तीनदा तपासलं. सकाळी अक्कांना विचारलंही होतं, "दशमीशिवाय आणखी काय खाता?" "कांही नाही," त्या शांतपणे म्हणाल्या होत्या, आणि अक्का खोटं बोलत नसत.

"नक्की सांगता येणार नाही, डॉक्टर," मी म्हणाले. हे वाक्य मी माझ्या नोकरीत कधी उच्चारलं नव्हतं.

डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवले. मग म्हणाले, "अम्मा, दारापर्यंत चालून दाखवा."

अक्कांनी काठी माझ्याकडे दिली. मी नको म्हणत होते. त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या, वळल्या, आणि टेबलापाशी येऊन डॉक्टरांच्या समोर उभ्या राहिल्या, फायलीवर सही घ्यायला कचेरीत साहेबापुढे उभ्या राहत असतील तशा. डॉक्टरांनी सही केली.

भार्गवीचा नवरा न्यायला आला. कार्तिकी एकादशी होऊन गेली होती, सगळी व्रतं सुटली होती. निघायच्या दिवशी अक्कांनी पहाटे उठून दोन लठ्ठ दशम्या भाजल्या, धुतलेल्या फडक्यात बांधल्या. आयर्लंडला जाताना आयरिश ब्रेड बांधून नेणारी दुसरी बाई मला माहीत नाही. जावईबापू म्हणाले, "अज्जी, तिकडे दुकानात मिळतो हा." अक्का म्हणाल्या, "त्यांत पाणी घालतात की नाही हें कोणास विचारूं?"

त्या पोहोचल्या. मुलगी झाली. बाळ बाळंतीण दोघींचं न्हाणंमाखणं त्यांनी केलं, खुर्चीवर बसून, हुकूम सोडत. परत यायचं तिकीट दोनदा पुढे ढकललं आणि तिसऱ्यांदा त्याची गरज उरली नाही. तिकडेच दुपारच्या झोपेत गेल्या. म्हणजे स्टेशनावर मी त्यांना पाहिलं ते शेवटचं. भार्गवीला अज्जीच्या दशमीची कृती लिहायला बसले की फाइल उघडायच्या आधी मला तेच दिसतं.

तंजावूरचं स्टेशन, चेन्नईची दुपारची गाडी. अक्का खिडकीशी बसलेल्या, मांडीवर फडकं. जावई सामान लावत होते. मी खिडकीबाहेर उभी राहून औषधांची यादी पुन्हा सांगत होते. तेवढ्यात फलाटावरचा एक म्हातारा कॉफीवाला पुढे गेला, थबकला आणि मागे आला.

"पापनाशम अम्मा!" तो तमिळमध्ये ओरडला. "किती वर्षांनी! नेहमीचीच ना? स्ट्राँग, साखर जास्त?"

त्याने उत्तराची वाट पाहिली नाही. कॉफीचं काळं डिकॉक्शन ओतलं, दाट दूध ओतलं, साखरेचे चमचे टाकले, आणि कप खिडकीतून आत दिला. "तुमचा घरचा पेला, तो टंबळर, कुठे गेला, अम्मा?" अक्का हसल्या. फडकं सोडलं, चिरेवरून एक भाग मोडला आणि सरळ कॉफीत बुडवला.

"अक्का!" मी म्हणाले.

"काय गे?"

"ही बाहेरची कॉफी आहे."

"मग फलाटावर घरची कोठून येणार?"

"अहो, पण त्यात पाणी आहे. कोणाच्या हातचं, कुठलं..."

"दशमींत पाणी नसावें, एवढेंच आहे. दशमी कशांत बुडवावी हें कोणी सांगितलें आहे काय?"

इतक्या वर्षांचा तो चंबू, ती पिशवी. मग हळूहळू दुसरंच लक्षात आलं.

"घरीसुद्धा? रोज? अशीच, इतकी साखर घालून?"

"कोरडी उतरते काय ती घशाखाली? तूं खाल्लीस ना?"

"मी तुम्हाला विचारलं होतं, आणखी काय खाता म्हणून!"

"काय खातें विचारलेंस. काय पितें, विचारलेंस?"

मागे शिट्टी झाली. गाडी हलली, अगदी सावकाश. मी खिडकीबरोबर चालायला लागले, कारण एक गोष्ट राहिली होती आणि ती न कळता मी घरी जाऊ शकत नव्हते.

"अक्का, आणि तो मधला महिना? दूध सोडायचा? तेव्हा ही कॉफी कशी प्यायलात?"

त्यांनी ऐकलं. नक्की ऐकलं, कारण माझ्याकडे वळून पाहिलं, फार मायेनं.

"सरी," त्या म्हणाल्या, आणि उरलेला तुकडा कॉफीत बुडवला.